मदत हवी आहे: अनुदानित कॉलेज सोडून विद्यापीठाच्या विभागात जावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात बॉटनी शिकवते. सहायक प्राध्यापक, कायम, मान्यता झालेली, वेतनश्रेणीत लेव्हल ११ चं प्लेसमेंट, म्हणजे वरच्या टप्प्यावर बढतीही झालेली. एका राज्य विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची जाहिरात आली तेव्हा संस्थेची एनओसी घेऊन अर्ज केला होता. मुलाखत झाली आणि आता नेमणुकीचं पत्र आलं आहे. घरात आनंद आहे, पण माझा निर्णय होत नाही. रुजू होण्याची मुदत जवळ येत चालली आहे, म्हणून इथे विचारते.

आधी इथलं सांगते. कॉलेज चांगलं आहे. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं आहेत, एम.एस्सी. नाही. आठवड्याला सोळा तासांचा वर्कलोड कागदावर असतो. प्रॅक्टिकलच्या बॅचेस, प्रवेश समिती, एनएसएसचं शिबिर आणि नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचा एक निकष धरला की दिवस संपतो. पण मुलं आमची आहेत. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आलंय अशा मुली मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा पर्णरंध्र बघतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. हे सोडून जायचं म्हटलं की पोटात कालवतं.

दुसरी बाजू संशोधनाची. माझा विषय सड्यांवरच्या वनस्पती. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पठारांवर सीतेची आसवं आणि गेंद यांच्या जाती फुलतात, त्यांच्यावर माझी पीएच.डी. झाली. आमच्याकडे संशोधन केंद्र नाही, त्यामुळे मला विद्यार्थी घेता येत नाही. नमुने ताडून बघायला सुट्टीत पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जावं लागतं. पावसाळा म्हणजे प्रवेशाचा आणि पहिल्या सत्राचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत मला सड्यावर जायचं असतं आणि जाता येत नाही.

आता प्रश्न. विद्यापीठाच्या विभागातला दिवस खरोखर कसा असतो? संशोधनाला वेळ मिळतो, की तिथेही फायलीच? एम.एस्सी.ची मुलं कशी असतात? रसायनं, फील्डचा खर्च, गाडी यांचं काय? आणि पगाराचं: पत्रात लेव्हल १० लिहिलंय, म्हणजे मूळ वेतन ५७,७०० पासून. मी आज त्याच्या पुढे आहे. मागची सेवा धरतात का? धारणाधिकार ठेवून जाता येईल का, म्हणजे नाहीच जमलं तर परत येता येईल?

मिस्टरांची नोकरी इथल्याच सहकारी बँकेत आहे, मुलगी सहावीत आहे. गेले तर आधी मी एकटीच जाणार. त्यामुळे ‘जा, मोठी संधी आहे’ यापलीकडचं काही सांगू शकाल तर फार बरं होईल.

मुळाकाठ

मॅडम, आधी अभिनंदन. मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागात सहायक प्राध्यापक आहे. विषय वेगळा असला तरी कारभार सारखाच.

बाकी सगळं नंतर, आधी एक आकडा मिळवा: त्या विभागात मंजूर पदं किती आणि आज कायम माणसं किती. तुमचा दिवस कसा जाईल ते यावरून ठरेल. २५ मे २०१७ ला वित्त विभागाने भरतीवर निर्बंध आणले, त्यानंतर माणसं निवृत्त होत गेली आणि जागा तशाच राहिल्या. पुढे २०२१ मध्ये कॉलेजांसाठी २०८८ पदांना मंजुरी आली, पण विद्यापीठांचे विभाग बराच काळ थांबून राहिले. तास घ्यायला अकरा महिन्यांच्या करारावरचे आणि सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) शिक्षक असतात. त्यातले बरेच जण उत्तम शिकवतात, हे मी मुद्दाम लिहितो. पण नियमाने ते पीएच.डी.चे मार्गदर्शक होऊ शकत नाहीत, खरेदीच्या कागदावर त्यांची सही चालत नाही आणि पुढच्या वर्षी ते असतील का हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून नॅक, एनआयआरएफची (देशपातळीवरच्या क्रमवारीची) माहिती, प्रवेश, परीक्षा समन्वय, अभ्यास मंडळाचं काम, संशोधन सल्लागार समितीच्या बैठका हे सगळं दोन-तीन कायम माणसांच्या अंगावर येतं. आमच्याकडे दोघे होतो तेव्हा मी वर्षभर प्रयोगशाळेत फक्त विद्यार्थ्यांचं काम बघायला जात होतो, स्वतःचं काम बंद. नंतर आणखी दोघे आले आणि माझे दुपारचे तास मोकळे झाले. विभाग तोच, इमारत तीच.

शिकवण्याबद्दल मात्र मी मोकळ्या मनाने चांगलं सांगेन. अभ्यासक्रम तुम्ही स्वतः लिहिता, अभ्यास मंडळात मांडता आणि तोच वर्गात शिकवता. पेपर तुमचा, तपासणीही तुमची, निकाल वेळेत लागतो. कॉलेजात असताना मी कॅपला (केंद्रीय उत्तरपत्रिका तपासणीला) बसून शेकडो अनोळखी उत्तरपत्रिका तपासत होतो. इथे प्रत्येक मुलाचं अक्षर ओळखू येतं. नवीन धोरणानुसार २०२३-२४ पासून विभागांच्या एम.एस्सी.त ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. प्रत्येक प्रकल्पाला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे ओझं वाढलं. पण तुमच्यासारख्या विषयाला हे वरदान आहे. चार मुलांना चार सडे वाटून द्या, एका पावसाळ्यात केवढी तरी नोंद होईल.

पीएच.डी.चे विद्यार्थी: २०२२ च्या युजीसी नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार घेता येतात, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ. सगळे एकदम घेऊ नका. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर अनेक मुलं अवलंबून असतात. पैसे रखडले की मुलगा खोलीभाड्याच्या काळजीत असतो आणि ती काळजी मार्गदर्शकापर्यंत येतेच. ती झटकून टाकता येत नाही, टाकूही नये.

पैशाचं थोडक्यात: युजीसीचे मायनर-मेजर प्रकल्प बंद झाल्यापासून छोट्या कामाला पैसा मिळणं अवघड झालंय. संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या एसईआरबीच्या जागी आता एएनआरएफ ही संस्था आहे, तिथे स्पर्धा देशभरातल्या संस्थांशी. बहुतेक विद्यापीठं स्वतःच्या निधीतून नव्या शिक्षकांना छोटं अनुदान देतात, त्याची चौकशी रुजू व्हायच्या आधीच करा.

सागरमाळ

मी निवृत्त आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात होतो. नव्या नियमांबद्दल मुळाकाठ सरांनी लिहिलंय त्याहून मला अधिक ठाऊक नाही. विद्यार्थ्यांबद्दल लिहितो, कारण मॅडमचा जीव तिथे अडकलाय असं दिसतं.

मॅडम, तुमच्या कॉलेजातल्या मुलीच पुढे विभागात येतात. आमचं विद्यापीठ १९६२ साली उघड्या माळावर सुरू झालं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी तिथे इमारतींइतकंच लक्ष झाडांकडे दिलं. त्या झाडांखाली डबा खाणारी बहुतेक मुलं सांगली, सातारा आणि कोल्हापूरच्या खेड्यांतून आलेली. कमवा आणि शिका योजनेत सकाळी काम करायचं आणि नंतर वर्गात बसायचं, अशी कितीतरी मुलं मी शिकवली. बी.एस्सी.ला तुमच्याकडे मुलगी तीन वर्षं असते आणि पर्णरंध्रापर्यंत पोहोचते. विभागात ती दोन वर्षं असते, पण सकाळी नऊपासून लॅब बंद होईपर्यंत तुमच्यासमोर असते. तिला विषयात रस लागला तर पुढची पाच वर्षंही ती तुमच्याबरोबर राहते. माझ्या मते शिक्षकाला याहून मोठं काम नाही.

एक गोष्ट सहन करावी लागेल. काही मुलं वसतिगृह आणि अभ्यासिका मिळते म्हणून एम.एस्सी.ला येतात आणि मन एमपीएससीत असतं. जाहिरात निघाली की वर्ग निम्मा रिकामा होतो. त्यांच्यावर रागावू नका. घरून नोकरीचा तगादा असतो. सेट-नेटची तयारी वर्गातच करून घेतली की यातली बरीचशी मुलं टिकतात, हा माझा अनुभव आहे.

चिंचोळी_वाट

मुलगी सहावीत म्हणजे दहावीला अजून वेळ आहे, हलायचं तर आत्ताच हलवा. विद्यापीठात क्वार्टर रिकामं असतं का ते विचारा, अर्ज लगेच टाका. आमच्या हिने असंच दोन गावांत संसार केला. पहिलं वर्ष कठीण गेलं, पुढे बसलं.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मुळाकाठ सर, तुमचं वाचून आज विभागात फोन केला. मंजूर पदांच्या निम्मीसुद्धा भरलेली नाहीत. मात्र या भरतीत माझ्याबरोबर आणखी दोघांची निवड झाली आहे, दोघेही रुजू होणार म्हणतात. विभागप्रमुख मॅडम फार आपुलकीने बोलल्या. हर्बेरियमची कपाटं आहेत, पण कित्येक वर्षांत नमुन्यांची यादी अद्ययावत झालेली नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. खरं सांगते, ते ऐकल्यावर माझं मन तिकडे ओढलं गेलं. कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी गोळा केलेल्या वनस्पती तिथे पडून आहेत.

सागरमाळ सर, तुमचं लिहिणं मिस्टरांना वाचून दाखवलं.

आता उरलं धारणाधिकार आणि पगार. आमच्या ऑफिसात विचारलं तर ‘आधी राजीनामा द्या, मग बघू’ असं उत्तर मिळालं.

आवक_जावक

मॅडम, राजीनामा देऊ नका. मी एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागात कक्ष अधिकारी आहे, अशी प्रकरणं माझ्या टेबलावरून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही एनओसी घेऊन अर्ज केलात, हे सर्वांत महत्त्वाचं. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मागची नियमित सेवा धरण्याची तरतूद आहे. अटी अशा: पद समान श्रेणीचं हवं, पात्रता तेव्हाही पूर्ण हवी, निवड रीतसर झालेली हवी आणि अर्ज योग्य मार्गाने केलेला हवा. तुमच्या या चारही अटी पूर्ण होताना दिसतात. एनओसीची प्रत, जुनं नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि प्लेसमेंटचा आदेश असा एक संच करा आणि रुजू होण्याच्या अर्जासोबतच ‘सेवा ग्राह्य धरून वेतननिश्चिती करावी’ असा लेखी विनंतीअर्ज द्या. नंतर देऊ म्हणून थांबलेली प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहिलेली मी पाहिली आहेत.

धारणाधिकारासाठी संस्थेच्या नावे वेगळा अर्ज करा: ‘परिविक्षा काळापुरता माझा मूळ पदावरील धारणाधिकार कायम ठेवून मला कार्यमुक्त करावे.’ अर्ज प्राचार्यांमार्फत द्या, पोच घ्या. संस्थेचा ठराव लागेल आणि पद अनुदानित असल्यामुळे विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयाला कळवावं लागेल. संस्थेने नकार दिला तर तो लेखी मागा. कार्यमुक्ती आणि रुजू होणं यात एकाही दिवसाचा खंड पडू देऊ नका. सेवाखंड पडला की वेतननिश्चिती, रजा, सगळंच अडकतं. १ नोव्हेंबर २००५ नंतरची नेमणूक असेल तर तुम्ही एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत) असाल. प्रान क्रमांक, म्हणजे त्यातला तुमचा खाते क्रमांक, तोच राहतो, फक्त कार्यालय बदलल्याची नोंद करून घ्यावी लागते.

आता फायलींबद्दल, कारण तुम्ही तोही प्रश्न विचारला होता आणि शिक्षक मंडळी यावर फार वैतागलेली असतात. तुम्ही फील्डसाठी गाडी मागितलीत तर टिपणी विभागप्रमुखांकडून अधिष्ठात्यांकडे, तिथून लेखा विभागाकडे, मग रक्कम मोठी असेल तर कुलसचिव आणि प्र-कुलगुरूंपर्यंत जाते. प्रत्येक टेबलावर माणूस आहेच असं नाही, आमच्याही जागा रिकाम्या आहेत. माझ्याकडे दोन विभागांचं काम आहे. म्हणून तुमच्या पावसाळी फील्डची मागणी मे महिन्यात करू नका. डिसेंबर-जानेवारीत विभागाचं अंदाजपत्रक जातं, त्यात ‘क्षेत्रअभ्यास, जून ते सप्टेंबर’ असं शीर्ष घालून घ्या. एकदा तरतूद मंजूर असली की मग फक्त खर्चाची परवानगी लागते आणि ती लवकर होते. खरेदी बहुतेक जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, तिथे रसायनांची प्रत नेमकी लिहा, नाहीतर स्वस्तातलं भलतंच येतं. आवक क्रमांक नेहमी लिहून ठेवा आणि फाईल कुठे आहे हे विचारायला स्वतः या. आम्हाला त्याचा राग येत नाही. कोणत्या कामाला घाई आहे हे समोर येऊन सांगितलेलं बरं पडतं.

मुळाकाठ

आवक_जावक साहेबांचं अंदाजपत्रकाचं वाक्य मी लिहून घेतलं आहे. मॅडम, बरोबर आणखी दोघं येत असतील तर माझं मत जा असं आहे. पण विभागप्रमुखांशी आत्ताच बोला की पहिल्या पावसाळ्यात तुमच्याकडे प्रवेशाचं काम नको, त्याबदल्यात दुसऱ्या सत्रात नॅकचं घ्या. सुरुवातीला असं वाटून घेतलं तर लोक समजून घेतात.

रानजाई

तसंच बोलते. धारणाधिकाराचा अर्ज आज लिहिला, सोमवारी प्राचार्यांकडे देणार आहे. एकच शंका: कार्यमुक्त होताना कॉलेजकडून कोणते कागद सोबत न्यायचे? सेवापुस्तिका माझ्याच हातात देतील का?

आवक_जावक

मूळ सेवापुस्तिका हातात देत नाहीत, कार्यालयाकडून कार्यालयाला जाते. तिची सगळी पानं छायांकित करून साक्षांकित प्रत ठेवा आणि शेवटच्या वेतनवाढीची व रजेच्या शिलकीची नोंद झाली आहे का ते त्याच वेळी बघा. तुम्ही सोबत न्यायचं ते कार्यमुक्तीचा आदेश, ना-देय प्रमाणपत्र आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र. हे शेवटचं घेतल्याशिवाय गाव सोडू नका, त्यावाचून आमच्याकडे पहिला पगार निघत नाही.