नातवंडाला भेटायचा हक्क आज्जी-आजोबांना कायद्यानं मिळावा का?

बावड्याची आज्जी:
मुलाचा घटस्फोट झालाय. सात वर्षांचा नातू सुनेकडं, राजारामपुरीत. मुलाला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दोन तास भेट, तीही कोर्टातल्या खोलीत. आदेशात आमचं नाव नाही म्हणून आम्हाला आत सोडत नाहीत. पोर पाच वर्षं माझ्या कुशीत झोपलं हो. बापाला हक्क, मग आम्हाला का नको?

दोन लेकरांची आई:
काकू, मी तुमच्या सुनेच्या जागी आहे. माझ्या सासूबाई भेटल्या की पोरीला विचारायच्या, "आई कुणाशी फोनवर बोलती गं?" त्या रात्री पोरगी अंथरुणात रडायची. हक्क दिला की आणखी एक अर्ज, आणखी तारखा. आताच प्रत्येक तारखेला माझी रजा जाते. माझा ठाम विरोध.

कोर्टाच्या पायऱ्या:
वकिली करतो म्हणून सांगतो. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं, आणि सगळ्यात वर मुलाचं हित. आज्जी-आजोबांच्या भेटीचं वेगळं कलम नाही. पण २०२२ मध्ये, कोविडनं आई-वडील गेलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयानं मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांकडं दिला. म्हणजे न्यायालय नातं मानतं.

दोन लेकरांची आई:
तिथं आई-बाप दोघंही नव्हते. इथं आई जिवंत आहे, रोज डबा करून शाळेत सोडती आहे. तो दाखला इथं कसा लागू होईल?

कोर्टाच्या पायऱ्या:
तसाच्या तसा नाहीच. पण ताब्याचे आणि भेटीचे आदेश परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात. वेगळा हक्क मागण्यापेक्षा, काकू, तुमच्या मुलाच्याच अर्जात "भेट बाहेर, आजी-आजोबांसह" एवढं मागा. रंकाळ्यावर दोन तास पोर खेळेल तरी. त्या खोलीत बापालाही काय बोलावं सुचत नाही.

शाहूपुरीकर:
बापाचे दोन तास त्यातच वाटायचे? माझी पोरगी मला महिन्यातून चार तास मिळते. त्यातही माझ्या आईला घेऊन गेलो तर माझ्या वाट्याला काय उरणार? आज्जीला वेगळा वेळ द्या.

बावड्याची आज्जी:
मुलाचा वेळ मला नको. आणि लेकी, तुझं वाचून झोप लागली नाही. शेवटच्या भेटीत मीपण नातवाला विचारलं होतं, "आई मारती का रे?" तो गप्प झाला, नंतर माझ्याकडं आलाच नाही. सुनेला निरोप धाडते. कोर्टाचा विषय काढणार नाही, हे आधी लिहून देते.