इंग्रजीतून योग शिकवताना अडतं कुठे? उच्चारांवर नाही, 'पाय' या शब्दावर

नाशिकची_योगशिक्षिका

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं परवा परदेशी विद्यार्थ्यांचा वर्ग नाकारला. कारण एकच, "माझं इंग्रजी चांगलं नाही." आता ती इंग्रजी संभाषणाचा क्लास लावणार आहे, आणि तिथे पहिले तीन महिने उच्चारांवर जाणार आहेत. तिची आसनं माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत, म्हणून फार वाईट वाटलं. त्यासाठीच हा धागा.

मी शिकले मराठी माध्यमात. गेली तीन वर्षं जर्मनी आणि इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवते. माझं ठाम मत असं आहे की योग शिकवायला लागणारं इंग्रजी थोडं असतं, पण ते नेमकं असावं लागतं. आपण कच्चे असतो ते या नेमकेपणात, आणि मेहनत मात्र उच्चारांवर घेतो.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मला चवडे उचलायला सांगायचे होते. मी म्हटलं, "लिफ्ट युवर लेग." पडद्यावरच्या सगळ्यांनी अख्खा पाय हवेत उचलला! आपल्या 'पाय' या एका शब्दात खुब्यापासून नखापर्यंत सगळं येतं. इंग्रजीत 'लेग' वेगळा, 'फूट' वेगळं. 'हात' म्हणावं तर तिकडे 'आर्म' आणि 'हँड'. 'बोटं' तर हाताचीही आणि पायाचीही. तिकडे 'फिंगर्स' आणि 'टोज'. मी कित्येक दिवस 'फिंगर्स ऑफ द लेग' म्हणत होते आणि समोरचे सभ्यपणे अंदाज बांधत होते.

दुसरा घोळ 'ठेवा'चा. "हात जमिनीवर ठेवा" याचं आपण "कीप युवर हँड ऑन द फ्लोअर" करतो. पण 'कीप' म्हणजे आहे तिथेच राहू द्या. ज्याचा हात अजून जमिनीवर आलेलाच नाही, त्यानं करायचं काय? तिथे 'प्लेस' हवं. हात टेकला की मग 'कीप'.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मराठीत क्रियापद शेवटी येतं: "उजवा पाय गुडघ्यात वाकवून डाव्या मांडीवर ठेवा." ऐकणारा आधी अवयव शोधतो, मग कृती करतो. इंग्रजीत कृती आधी: "बेंड द राइट नी. प्लेस द फूट ऑन द लेफ्ट थाय." दोन वाक्यं, दोन क्रियापदं. हे जमल्यापासून माझा आवाज आपोआप स्थिर झाला. कारण वाक्य सुरू करतानाच ते कुठे जाणार हे मला माहीत असतं.

आपल्या पुण्याचंच उदाहरण बघा. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती, इंग्रजीही बेताचंच होतं. मॅट्रिकला ते इंग्रजीतच अडकले होते. 1952 मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन त्यांच्याकडे शिकू लागले. पुढे जगभरच्या लोकांना त्यांनी याच भाषेत शिकवलं. त्यांच्या परंपरेतल्या सूचना ऐका: प्रेस, लिफ्ट, टर्न, एक्स्टेंड. आखूड, थेट. त्यात उच्चारांची ऐट कुठे आहे?

इंग्रजीचा_मास्तर

ताई, 'पाय' आणि 'कीप' यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण उच्चारांना तुम्ही एका फटक्यात बाद केलंत, ते पटलं नाही. लकब आपलीच राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. पण 'नी'मधला 'के', 'काफ'मधला आणि 'पाम'मधला 'एल' उच्चारला की ऐकणारा क्षणभर अडखळतो. तोल सांभाळत एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला तो क्षण महाग पडतो.

'इन्हेल' आणि 'एक्सहेल'चं बघा. ऑनलाइन वर्गात आवाज तुटला की दोन्हीचं नुसतं 'हेल' ऐकू येतं. अर्धा वर्ग श्वास घेतो, अर्धा सोडतो. 'ब्रीद इन', 'ब्रीद आउट' म्हणा आणि जोर शेवटच्या शब्दावर द्या. हे उच्चारांचंच काम आहे, आणि तीन महिने नाही, आठवड्याभरात होतं.

नागपुरी_साधक

मला मुळातच वेगळं म्हणायचं आहे. इंग्रजीतून शिकवायची एवढी ओढ कशासाठी? आमच्या नागपुरात जनार्दन स्वामींनी साध्या माणसांना त्यांच्या भाषेत योग दिला, तोही विनामूल्य. आज वस्तीतल्या समाजमंदिरात सकाळचा वर्ग घ्यायला शिक्षक मिळत नाही, आणि प्रशिक्षण घेतलेली मुलं परदेशी विद्यार्थी शोधत बसतात. म्हैसूरला अष्टांग योगाचे गुरू पट्टाभि जोइस संस्कृतात मोजायचे, एकम्, द्वे, त्रीणि, आणि परदेशी शिष्य ते शिकायचे. ज्याला शिकायचं आहे त्यानं चार पावलं आपल्याकडे यावं.

नाशिकची_योगशिक्षिका

दादा, सकाळी सहाचा मराठी वर्ग मी आजही घेते आणि तो बंद करणार नाही. पण संध्याकाळच्या वर्गावर माझ्या घराचं भाडं निघतं, हेही खरं आहे. आणि जोइसांच्या आकड्यांच्या जोडीला 'इन्हेल', 'एक्सहेल' असायचंच की. शिवाय त्यांचे शिष्य ठरलेला क्रम पाठ करून रोज तोच करायचे. माझ्याकडे गुडघे दुखतात म्हणून आलेली साठीची बाई असते. तिला मोजणी पुरत नाही.

उच्चारांबाबत मास्तरांचं मान्य. 'ब्रीद इन' उद्यापासून.

पुण्याची_फिजिओ

मूळ लेखाला माझा विरोध आहे आणि तो जरा गंभीर आहे. तुम्ही सगळे बोलण्याबद्दल लिहिताय. ऐकण्याचं काय?

पन्नास क्रियापदं पाठ करून वर्ग चालवता येईल, पण विद्यार्थी काही सांगायला लागला की ती पन्नास क्रियापदं संपतात. माझ्याकडे आलेल्या एका परदेशी रुग्णानं त्याच्या योगशिक्षकाला सांगितलं होतं, "आय हॅव पिन्स अँड नीडल्स इन माय फूट." शिक्षकाला वाटलं काहीतरी टोचतंय. त्यानं चटई झटकायला सांगितली! प्रत्यक्षात पायाला मुंग्या येत होत्या, आणि पुढे वाकणं तेव्हाच थांबवायला हवं होतं. आपल्याकडे कळ, ठणका, चमक, ओढ, मुंग्या, बधिरपणा, किती शब्द आहेत. त्यातला प्रत्येक वेगळी गोष्ट सांगतो. तसेच त्यांचेही आहेत. ते न कळता आत्मविश्वासानं शिकवणं मला धोक्याचं वाटतं. तुमच्या मैत्रिणीनं थांबून शिकायचं ठरवलं, त्याचं वाईट का वाटावं?

मेलबर्नकर

+१. इथे बारा वर्षं शिकवतोय. भर घालतो: इंग्रज किंवा ऑस्ट्रेलियन माणूस "अ बिट अनकम्फर्टेबल" म्हणाला तर 'बिट'वर विसंबू नका, पुष्कळदा चांगलंच दुखत असतं. आणि हात लावून आसन दुरुस्त करण्याआधी इथे विचारावंच लागतं. ते वाक्य तोंडात बसलेलं हवं. पुटपुटत विचारलं तर माणूस संकोचून 'हो' म्हणतो, आणि ते 'हो' खरं नसतं.

मात्र फिजिओताईंशी एका बाबतीत असहमत. आधी सगळं शिकून मग सुरू करू, असं म्हणणारे माझे दोन मित्र अजून सुरूच करायचे आहेत. हे शब्द वर्गातच कळतात. न कळल्यास "शो मी व्हेअर" म्हणावं आणि तोवर आसनातून बाहेर काढावं. दुखण्याबाबत अंदाज बांधायचा नाही, एवढं पाळलं तर सुरुवात करता येते.

पुण्याची_फिजिओ

'आसनातून बाहेर काढावं' हे तुमचे किती शिक्षक करतात? मी पाहते ते बहुतेक "नो प्रॉब्लेम, रिलॅक्स" म्हणून पुढे जातात. न कळल्याचं कबूल करायला लाज वाटते, आणि ती लाज इंग्रजीमुळेच येते. मराठी वर्गात हाच शिक्षक "म्हणजे नक्की कसं दुखतंय?" असं सहज विचारतो.

नाशिकची_योगशिक्षिका

फिजिओताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या वहीत डावीकडे अवयव आहेत, उजवीकडे क्रियापदं. दुखण्याचा एकही शब्द नाही. ही चूक माझी, आणि 'थोडं इंग्रजी पुरतं' हे वाक्य मी आता तसंच्या तसं लिहिणार नाही. मैत्रिणीनं वर्ग घ्यावा असं मला अजूनही वाटतं, पण वहीत तिसरा रकाना असल्याशिवाय नको. तिला आजच फोन करते.

रकाना भरायला मदत करा. ठणका म्हणजे 'थ्रॉबिंग', बधिर म्हणजे 'नम', मुंग्या वर आल्याच. 'कंबर धरली' याला काय म्हणतात?

मेलबर्नकर

"माय बॅक हॅज गॉन." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं. हे कानावर आलं की वर्ग थांबवा आणि त्या माणसाला सोसवेल तसं आडवं होऊ द्या. बाकीचं मग विचारा.