अभयारण्य जाहीर केलं की झालं का काम?

सातबारावाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, 'पुण्याच्या टेकड्यांवर बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) टाकला तसा अख्खा सह्याद्री अभयारण्य करा, प्रश्न मिटला.' कोथरूडच्या गॅलरीत बसून सगळेच प्रश्न मिटतात! माझं आजोळ भीमाशंकरच्या जंगलात. 1985 साली अभयारण्य झालं, शेकरू वाचलं, चांगलंच झालं. पण मामी अंगणात बाळहिरडा वाळत घालायची, त्यावर घरातलं मीठमिरची चालायचं. एकदा गार्ड दारात उभा, गोणीला काठी टोचून विचारतो, 'कुठून आणला?' आमच्याच बांधावरच्या झाडाचा! पण ऐकतो कोण.

टेकडीकर: एका गार्डापायी कायदाच मोडीत काढायचा का? बीडीपी नसता तर पुणे महापालिकेत समाविष्ट 23 गावांच्या टेकड्यांवर आज टॉवर दिसले असते. आणि फुकट नाही घेतली जमीन, 2015 ला 8 टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क) ठरलाय.

सातबारावाला: 8 टक्के! तुमच्या फ्लॅटचे 8 टक्के घ्या आणि उरलेला पुण्याच्या हवेसाठी सोडा. जमतंय का बघा.

सुपेकर: आमचं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघायला या. जेमतेम 5 चौरस किलोमीटर. चिंकाऱ्याला हद्द कोण शिकवणार? तो हरभऱ्यात येतोच. आणि बाहेर आला की मोकाट कुत्री फाडतात. पाटी लावून कुत्री थांबत नाहीत.

टेकडीकर: कुत्र्यांचं एकदम बरोबर! वेताळ टेकडीवर सकाळी सकाळी बिस्किटांचे पुडे फोडणारे पुण्यात्मे आधी आवरा. मोर दिसायचे तिथे आता टोळ्या फिरतात.

भूभूची_आई: पुण्यात्मे? पदरचे पैसे घालून नसबंदी करतो आम्ही. तुम्ही काय करता, मॉर्निंग वॉक?

सुपेकर: नसबंदी केलेलं कुत्रं चावत नाही का हो ताई? त्याचे दात काढत नाहीत ना?

भूभूची_आई: ताई म्हणू नका. आणि टेकडीवर दारूच्या बाटल्या फोडणाऱ्यांवर एक अक्षर नाही, मुक्या जनावरावर मात्र सगळे तुटून पडतात!

टेकडीकर: बाटल्यांचा वेगळा धागा काढा. सातबारावाले, 2006 चा वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू आहे. मामींना दावा टाकायला सांगा.

सातबारावाला: टाकलाय की. पुरावे द्या म्हणतात. आता आजोबांनी हिरडा तोडताना फोटो काढून ठेवायला हवे होते!

टेकडीकर: बरं बाबा, हिरड्याचं मान्य. बीडीपीचं अजिबात नाही.

सातबारावाला: पुणेकराने अर्धं मान्य केलं, पेढे वाटतो.

भूभूची_आई: आणि मला 'पुण्यात्मे' म्हणालात त्याचं काय?