इंडक्शनची टच बटणं ओल्या हाताला दाद का देत नाहीत?

आईसाठी टच पॅनेलची इंडक्शन शेगडी घेतली. ती कणीक मळत असते, तेवढ्यात दूध वर येतं. ओलं बोट काचेवर दाबते, काहीच होत नाही. हात पुसून येईपर्यंत दूध ओट्यावर! गॅसचं बटण पिठाच्या हातानेही फिरायचं. त्यात तिला मोतीबिंदू. सपाट काचेवर चाचपून काय कळणार? फार जीव तुटतो. काही उपाय?

ओट्यापाशी: बोट टेकलं की काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बदल होतो, तो पॅनेल ओळखतं. पाण्यानेही तसाच बदल होतो, म्हणून त्याचा गोंधळ उडतो. दूध वर आलं की बटणाच्या नादी लागूच नका, पातेलं उचलायला सांगा. वर भांडं नसलं की तापणं लगेच थांबतं. पुढच्या वेळी मात्र फिरवायच्या बटणाचीच शेगडी घ्या. मिळतात तशा, जरा शोधावं लागतं.

सोलापूरकर: मंद आचेचंही तेच रडगाणं. बऱ्याच स्वस्त शेगड्या आच कमी करत नाहीत, पूर्ण जोरात चालून थांबतात, पुन्हा चालतात. आमटी खदखदते, गप्प होते, परत खदखदते. बासुंदीला तर ही आच अजिबात चालत नाही. आणि ॲल्युमिनियमची, पितळेची साधी भांडी बादच.

प्रश्नकर्ती: पातेलं उचलायचं आईला लगेच जमलं, आभार. पण भरलेलं पातेलं तिला जड होतं. फिरवायच्या बटणाची शेगडी या रविवारीच बघते.