नागपूरच्या वकिलांचे कागद

नागपूर दरबाराचा पत्रव्यवहार वाचायचा तर एल्फिन्स्टन आणि जेन्किन्स या तिथल्या इंग्रज रेसिडेंटांच्याच (दरबारात नेमलेल्या कंपनीच्या प्रतिनिधींच्याच) कागदांवर भागवावं लागतं, आपल्या बाजूचं काही उरलंच नाही, असं काही जण म्हणतात. पहिला भाग बराचसा कबूल, दुसरा नाही. नागपूरच्या मुधोजी भोसल्यांचे वकील, म्हणजे दरबाराचे दूत, बेनीराम पंडित कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जकडे होते. त्यांचा पत्रव्यवहार फारसीत झाला. त्याचे इंग्रजी सारांश 'कॅलेंडर ऑफ पर्शियन कॉरस्पॉन्डन्स'च्या खंडांत छापलेले आहेत. १७८१ मध्ये काशीत तिथल्या राजा चेतसिंगाचं बंड पेटलं, हेस्टिंग्ज जवळच्या चुनारच्या किल्ल्यात पळाला, हातात पैसा नाही. तेव्हा बेनीराम आणि त्यांच्या भावाने त्याला एक लाख रुपये देऊ केले! कुठला रेसिडेंट असा भोसल्यांच्या अडचणीत उभा राहिला?

आणि मोडी कागदांचं म्हणाल, तर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात आजोबांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, होता. लहानपणी तो सोडला की घड्यांमधून बारीक चमकती वाळू सांडायची, शाई वाळवायला टाकलेली. वाडा पाडताना तो रद्दीत गेला. कुणाच्या माळ्यावर असे रुमाल असतील तर कृपा करून आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा.