मदत हवी आहे: कुंपणाला पिटांगा लावू की मोरपंखी? (डिचोली, जांभ्याची जमीन)

परसातली:

मंडळी, पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवायचंय, म्हणून सरळ विचारते.

घर डिचोली तालुक्यात, मये तळ्यापासून फार लांब नाही. रस्त्याच्या बाजूला कमरेएवढा जुना चिऱ्यांचा गडगा आहे. त्याच्या आतून चाळीसेक फूट लांबीची जिवंत वई करायची आहे, कारण रस्ता रुंद झाल्यापासून येणारा-जाणारा थेट पडवीत डोकावतो. पाच-सहा फूट उंची पुरे. वरून विजेच्या तारा गेल्या आहेत.

घरात दोन पक्ष पडलेत. मुलगा पुण्याला असतो, त्याला मोरपंखीची रांग हवी. बारा महिने एकसारखी हिरवी, पाचोळा नाही, आणि दिसायला ऐटबाज. सासूबाईंना फळ न देणारं झाड हे झाडच वाटत नाही. त्यांच्या माहेरी फोंड्याकडे अंगणात पिटांगा होता, उभ्या कंगोऱ्यांची लाल चेरी येते ती, आणि त्यांना तोच पाहिजे. शिवाय 'माटोळीला (चवथीत गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या सजावटीला) त्यातलं काही मिळेल का' हा त्यांचा कायमचा निकष आहेच.

जमिनीबद्दल: वर लाल माती, फूट-दीड फुटावर जांभा. वरच्या बाजूला पाणी थांबत नाही, पण फाटकाकडचा भाग खोलगट आहे, भर पावसात तिथे दोन-तीन दिवस पाणी साचून राहतं. ऊन दुपारी एकपर्यंत, मग शेजाऱ्यांच्या फणसाची सावली. एका कोपऱ्यात रोयण, म्हणजे वारूळ, आहे. तिला सातेरी देवी म्हणून आम्ही हात लावत नाही, तेव्हा ती काढा असं कृपया सुचवू नका.

नर्सरीवाला म्हणतो दोन्ही लागतील. तो काय, विकायलाच बसलाय. खरोखर लावून पाहिलेल्यांनी सांगा.

सड्यावरचा:

ताई, तुमचं उत्तर फाटकाजवळच्या त्या पाण्यातच आहे.

मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची. थंडी सोसते, कोरडेपणा सोसते, हलकी जमीनही चालते. पाय ओले राहिलेले मात्र तिला अजिबात खपत नाहीत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे हौदच, भरलेलं पाणी जाणार कुठे? मुळांना बुरशी लागते, आणि ते कळतं उशिरा. पावसात झाड हिरवंच दिसतं, पाऊस सरला की एका बाजूने तांबूस व्हायला लागतं. मग माणसं ऑक्टोबरात पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात.

सावलीचंही तसंच. अर्ध्या दिवसाच्या उन्हात मोरपंखी जगेल, पण फणसाच्या बाजूने विरळ होईल. आणि पुण्यातली रांग बघून इथे हिशेब करू नका. तिथला पाऊस आपल्या चौथाईइतकाही नाही.

छाटणीचा मुद्दा मुलाला नक्की सांगा. मोरपंखीची हिरवी टोकंच छाटायची असतात. आतल्या जुन्या, पानं नसलेल्या फांदीपर्यंत कात्री गेली, तर तिथून पुन्हा फूट येत नाही, भोक कायमचं राहतं. म्हणजे एक वर्ष छाटायचं राहिलं आणि पुढच्या वर्षी जोरात कापून भरपाई केली, असं चालत नाही.

कुळागरवाली:

मी पिटांग्याच्या बाजूची, आधीच सांगून टाकते.

हे झाड मूळचं ब्राझील आणि आसपासचं. काजूसारखंच पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं असं सांगतात. गंमत म्हणजे त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते इटलीत पिसाच्या एका बागेतल्या झाडावरून, आणि ते झाड गोव्यातून तिकडे गेलेलं असावं असं मानतात. तेव्हा सासूबाईंचा हट्ट अगदीच हवेतला नाही.

कामाचं: माती कुठलीही चालते, थोडे दिवस पाणी साचलं तरी तग धरतं, कात्री लावली की जुन्या फांदीवरूनही फुटतं. नवी पालवी तांबूस येते, ती मोरपंखीपेक्षा देखणी. पण वाढ सावकाश, पहिल्या वर्षातच आडोसा होईल ही आशा सोडा. आणि सारखी सफाईदार छाटलीत तर फळं कमी लागतील. कुंपण की फळ, दोन्ही पुरेपूर मिळत नाही. आम्ही रस्त्याकडची बाजू छाटतो, आतली मोकळी सोडतो.

फळ खायचीही रीत आहे. नुसता लाल रंग बघून तोडलंत तर राळेसारखा वास येतो, मुलं एकदा थुंकली की पुन्हा हात लावत नाहीत. नुसता हात लागताच तळव्यात गळून पडेल तेव्हाच घ्यायचं. चीर देऊन बी काढा, साखर भुरभुरा आणि काही तास फ्रीजमध्ये ठेवा, तो उग्रपणा बराच जातो. गडद, काळपट लाल फळांची जात मिळाली तर तीच घ्या, ती गोड असते. बी मात्र कुणी चघळू नये.

माटोळीचं अवघड दिसतंय. आमच्याकडे मुख्य बहार उन्हाळ्यातला, चवथीपर्यंत काही उरत नाही.

मोरजीचा:

मध्येच विचारतो. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पिटांगा चालेल?

कुळागरवाली:

नाही हो भाई. खारं त्याला सोसत नाही. तुमच्याकडचा वारा पानं करपवील.

पणजीकर:

कोनिफरच, म्हणजे मोरपंखीच्या शंकूधारी गटातलंच झाड, पाहिजे तर ख्रिसमस ट्री लावा की. कितीतरी जुन्या घरांपुढे आणि इगर्जींपुढे (चर्चपुढे) उभी आहेत, आपल्या पावसाने त्यांचं काही बिघडलेलं नाही. नाहीतर सरळ सुरू लावा.

सड्यावरचा:

पणजीकर, त्यांनी विजेच्या तारा लिहिल्यात, वाचल्या नाहीत का? ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ती अरौकेरिया शंभर फुटांच्या वर जाते. शेंडा छाटला की रूप जातं. एकेकट्या झाडाचा डौल तो, त्याची वई होत नाही. त्यातही नॉरफोक पाइन या अरौकेरियाच्या नावाखाली बहुतेक वेळा तिचा भाऊबंद कुक पाइनच विकला जातो, आणि तो विषुववृत्ताकडे झुकत वाढतो, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. २०१७ मध्ये यावर शोधनिबंधही आला होता. ताईंचा रस्ता दक्षिणेला असेल तर मजाच.

आणि सुरू कोनिफर नाही. पानं सुयांसारखी दिसतात आणि फळ शंकूसारखं, म्हणून सगळे फसतात. तो फुलं येणारा वृक्ष आहे.

चोर्ला घाट:

दोन्ही परदेशीच कशाला? करवंद लावा. आपल्या सड्यावर कुणी पाणी न घालता उभी असते. काटे असे की गुरंच काय, माणूसही आत शिरत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात आहे, लोणच्याला उत्तम.

पिटांग्याबद्दल एक काळजी वाटते. फ्लोरिडात तो कुंपणासाठीच नेला, आणि आज तिथल्या उपद्रवी झाडांच्या यादीत वरच्या वर्गात आहे. पक्षी फळ खातात, बी रानात टाकतात. आपल्याकडेही बुलबुल आहेतच. जवळ रान असेल तर विचार करा.

परसातली:

सगळ्यांचे आभार. करवंदीचा विचार मी केला होता, पण घरात दीड वर्षाची नात आहे, तिच्या उंचीवर ते दुहेरी काटे नकोत. रान जवळ नाही, मागे शेत आणि मग वस्ती. तरी पडलेली फळं रोज गोळा करीन, तेवढं होण्यासारखं आहे. रस्ता पश्चिमेला आहे, पण ख्रिसमस ट्री मुळीच नको!

मुलाशी काल बोलले. छाटणीचं ऐकल्यावर तो नरमला. आता म्हणतो, निदान वरच्या कोरड्या टोकाला दोन मोरपंखी लाव, शोभेला. ते चालेल का? आणि फाटकाकडे खड्डा घ्यायचाच नाही का?

सड्यावरचा:

दोन लावा, पण फणसापासून दूर, आणि रांगेपासून चार-पाच फूट सोडून. रोपाचा मूळचा मातीचा थर जमिनीच्या किंचित वरच राहू दे, बुंध्याशी माती चढवू नका.

फाटकाकडे खड्डा घेऊ नका. फूटभर उंच वरंबा करा, तीन-चार फूट रुंद, त्यात शेणखत मिसळा आणि पिटांगा त्यावर लावा. दोन रोपांत अडीच फूट ठेवा. साचलेलं पाणी बाहेर पडायला गडग्याच्या बुडाशी एखादा चिरा काढून वाट द्या. ते काम मे महिन्यातच करून घ्या, जूनमध्ये गवंडी फोन उचलत नाहीत.

कुळागरवाली:

रोपं बियांपासून करणार असाल तर ताजं बी घ्या. महिनाभरात त्याची उगवण जाते, तेव्हा पाकिटातलं विकत घेऊ नका. माझ्याकडे अजून झाडावर फळं आहेत. पुढच्या आठवड्यात वाळपईहून डिचोलीला यायचंय, सासूबाईंसाठी आणते. खाणार त्या आणि बी ठेवणार तुम्ही. व्यक्तिगत निरोप पाठवा.