'लाइव्ह'ला मराठीत काय म्हणाल? (निमित्त : सॅम कुकची मायामीतली रात्र)

रात्रपाळी :
मंडळी, एका शब्दावर अडलोय. एका छोट्या दिवाळी अंकासाठी सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एका संगीतप्रकारातल्या, मला आवडणाऱ्या मैफलींवर लेख लिहितो आहे. पहिलं वाक्य असं होतं : 'सॅम कुकचं हार्लेम स्क्वेअर क्लबमधलं थेट ध्वनिमुद्रण १९८५ साली बाजारात आलं.' संपादक बाईंनी 'थेट'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'गाणं १९६३चं, तबकडी १९८५ची. बावीस वर्षं पडून राहिलेलं गाणं थेट कसं?'

दोन दिवस झाले, त्यांचं म्हणणं खोडता येत नाहीये. थेट म्हणजे मधे कुठे न थांबता. थेट गाडी, थेट प्रक्षेपण. इथे तर मधे कंपनीच आडवी आली. १२ जानेवारी १९६३ला मायामीच्या ओव्हरटाउन भागात, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या क्लबात कुक गायला. त्याच्या तबकड्या काढणाऱ्या आरसीए कंपनीने ते सगळं टिपून घेतलं आणि मग ठेवून दिलं. गोऱ्या श्रोत्यांसाठी त्यांनी कुकचा जो मुलायम गायक उभा केला होता, त्याच्याशी घसा खरवडून गाणाऱ्या या माणसाचा मेळ बसेना. डिसेंबर १९६४ला कुक गोळी लागून गेला. ही तबकडी त्याने कधी पाहिलीच नाही.

तर 'लाइव्ह'ला काय लिहू? 'जिवंत' लिहवत नाही. आणि 'सोल'साठीही काही सुचत असेल तर सांगा. अंकाच्या मंडळींना 'आत्मसंगीत' हवंय. मला तो शब्द वाचून डोळे मिटून बसलेली माणसं दिसतात. कुकच्या त्या रात्री कोणी बसलं होतं असं ऐकू तरी येत नाही.

शुद्धमती :
'प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण' लिहा. अर्थ स्वच्छ आहे, शब्द रुळलेले आहेत. 'बोलपट', 'दिग्दर्शक' हे शब्दही पहिल्या दिवशी जड वाटलेच असतील. आज कोणाला वाटतात? मी तीस वर्षं मराठी शिकवलं. शब्द मुलांच्या तोंडी बसेपर्यंत आपण धीर धरत नाही, ही खरी अडचण आहे.

जुनी तबकडी :
बाई, प्रत्यक्ष म्हटलं की अप्रत्यक्ष काय ते सांगावं लागेल. स्टुडिओत गायक मायक्रोफोनसमोर प्रत्यक्षच गातो की.

आम्ही ध्वनिमुद्रणं जमवणारी माणसं पन्नास वर्षं दोनच शब्द वापरतोय : 'तबकडी' आणि 'मैफलीचं रेकॉर्डिंग'. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकायचा. मैफलीच्या स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळावर, तंबोरे जुळवण्यापासून सगळं यायचं, कोणाचा खोकला, कपबशीचा आवाज, पहिल्या रांगेतलं 'क्या बात है'. माझ्या वडिलांनी टिपलेल्या एका स्पूलवर माझ्या आईचा आवाज आहे. दाराशी कोणाला तरी ती हळूच 'आत या, चाललंय' म्हणते. आई जाऊन वीस वर्षं झाली. गाणं दुसऱ्या कोणाकडून मिळालं असतं, ते दोन शब्द कुठून मिळाले असते?

म्हणून माझं मत मैफल. रे चार्ल्सचं अटलांटाचं ध्वनिमुद्रण ऐका. मे १९५९, उघडं स्टेडियम, अख्ख्या वाद्यवृंदासाठी एकच मायक्रोफोन. 'ड्राउन इन माय ओन टिअर्स' तो इतक्या संथ लयीत घेतो की पुढची मात्रा येते की नाही अशी धास्ती वाटते. आणि प्रत्येक मोकळ्या जागेत लोक आहेत.

देवगडी :
सोलसाठी सोल हाच शब्द ठेवा, तो आपल्याकडे आहेच! आमच्याकडे सोलं म्हणजे रातांब्याची वाळवलेली सालं. सोलणे, सोलीव, सोलपटणे, सगळं त्याच घरातलं. गाताना आवाजाची साल निघते आणि आतला गर दिसतो, ते सोल. मला तरी सोल गायक ओटिस रेडिंग ऐकताना असंच वाटतं.

शुद्धमती :
देवगडी, कल्पना म्हणून गोड आहे, पण व्युत्पत्ती म्हणून कृपया पसरवू नका. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. अशीच चुकीची मुळं पुढे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचतात.

देवगडी :
मुळाचं खरंखोटं तुम्ही ठरवा ताई. मी ऐकताना काय होतं ते सांगितलं.

झीलकरी :
मैफल हा शब्द इथे चालणार नाही. मैफलीत गाणारा गातो, ऐकणारा ऐकतो, फार तर दाद देतो. जेम्स ब्राउनच्या अपोलोच्या तबकडीत दाद कुठे आहे? तिथे लोक निम्मं गाणं गातात. २४ ऑक्टोबर १९६२, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतलं अपोलो थिएटर. ब्राउनच्या तबकड्या काढणाऱ्या किंग कंपनीचा मालक सिड नेथन पैसे घालायला तयार नव्हता. जुनीच गाणी, तीही लोकांच्या आरडाओरड्यासकट, कोण विकत घेणार, असा त्याचा हिशेब. ब्राउनने स्वतःचे पैसे घातले. पुढे ती तबकडी ६६ आठवडे खपाच्या यादीत राहिली. 'लॉस्ट समवन' दहा मिनिटांच्या वर चालतं. तो एक ओळ टाकतो, थांबतो आणि अंधारातून एखादी बाई किंचाळते. तो तिच्याशी बोलल्यासारखा पुढची ओळ घेतो.

याला आमच्याकडे शब्द आहे, जलसा. सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा. माझे आजोबा अशा एका जलशात मागे उभे राहून झील ओढायचे. कंदिलाच्या उजेडात, गावकुसाबाहेर, रात्र रात्र. समोरच्या माणसांना गाण्यातलं दुःख समजावून सांगावं लागत नव्हतं, ते त्यांचंच होतं. अपोलोतही तसंच. 'जलसा ध्वनिमुद्रण' लिहा. आणि गायकाने ओळ टाकायची, इतरांनी उचलायची, या प्रकाराला 'झील' लिहा. 'हाक आणि प्रतिसाद' वगैरे भाषांतरं वाचून मला त्रास होतो. शब्द असताना नवीन कशाला घडवायचा?

शुद्धमती :
जलसा मूळ अरबी. त्याचा धातू 'बसणे' या अर्थाचा. रात्रपाळी यांना बसलेली माणसं नको आहेत. शिवाय आज जलसा म्हटलं की बहुतेकांना नुसता थाटमाट आठवतो. मैफलही अरबीच. अरबी चालतं, मग संस्कृतावरून घडवलेल्या शब्दांवरच राग का?

झीलकरी :
राग नाही बाई. धातूत कोणी बसलेलं असेल, पण आमच्या वस्तीतल्या जलशात माणसं उभी असायची. थाटमाटाचा अर्थ तुमच्या कानावर पडला, आंबेडकरी जलसाकार भीमराव कर्डकांच्या जलशाचा पडला नाही. शब्दाचा कुठला अर्थ 'आजचा' हे ठरवताना कोणाचे कान धरायचे, हा माझा प्रश्न आहे.

शुद्धमती :
हा प्रश्न रास्त आहे. 'बहुतेकांना' हा शब्द मी मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही.

हडसनकाठ :
उशिरा येतेय. न्यू जर्सीत राहते. दोन गोष्टी.

एक, 'सोल'चं भाषांतर करू नका. या संगीताला व्यापाऱ्यांनी किती नावं दिली पाहा. 'बिलबोर्ड' नियतकालिकात १९४९पर्यंत 'रेस रेकॉर्ड्‌स', मग 'रिदम अँड ब्लूज', १९६९ला 'सोल'. त्यातलं सोल हे नाव लोकांच्या तोंडी आधीपासून होतं. जेवणालाही सोल, भाऊबंदांनाही सोल. ते त्यांनी स्वतःसाठी वापरलेलं नाव आहे. आपण 'अभंग'चं भाषांतर कोणाला करू देऊ का?

दुसरी गोष्ट झीलची. कामावरची एक मैत्रीण मला एकदा नेवार्कमधल्या तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. पाद्री एक वाक्य म्हणायचा, मागून कोणीतरी 'सांग त्यांना!' असं ओरडायचं, ऑर्गनवाला त्या ओरडण्याला सूर लावायचा. मला पैठणच्या मामांकडचं कीर्तन आठवलं. बुवा मधेच थांबतात, टाळकरी चरण उचलतात आणि बघता बघता अख्खा मंडप 'विठ्ठल विठ्ठल' करू लागतो. कुक, अरीथा फ्रँकलिन, दोघं अशाच चर्चमध्ये गायला शिकले. अरीथाने जानेवारी १९७२ला लॉस एंजेलिसच्या वॉट्‌स भागातल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गायलं, त्याचं ध्वनिमुद्रण ऐका. तिथे श्रोते आणि गायकवृंद यांच्यात रेघ मारताच येत नाही. झीलकरी तर मंचावरचे, ठरलेले, शिकलेले. माझ्या मते झील अपुरी पडते.

झीलकरी :
झील अपुरी पडत नाही, आणि पुरावा रात्रपाळींच्याच तबकडीत आहे. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' हे गाणं कुकने १९६२ला स्टुडिओत गायलं, तेव्हा त्याचा तो 'ये' (yeah) उचलायला मागे लू रॉल्स उभा होता. कुकचा जुना, गॉस्पेलमधला म्हणजे चर्चच्या गाण्यातला सोबती. तो अस्सल झीलकरी, मंचावरचा आणि शिकलेला. आठ-नऊ महिन्यांनी मायामीत कुक तेच गाणं घेतो आणि तो 'ये' समोरची सगळी खोली उचलते. झील तीच, झीलकरी बदलले. पोवाड्यात 'जी जी रं जी' समोरच्यांनी धरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हाही आपण तिला झीलच म्हणतो.

हडसनकाठ :
हे दोन्ही लागोपाठ ऐकून आले. मान्य. लू रॉल्सचा आवाज इतक्या वर्षांत मी कुकचाच दुसरा थर समजत होते.

जुनी तबकडी :
पण मैफलीत श्रोते गात नाहीत हे कोणी सांगितलं? सोल गायक डॉनी हॅथवेची १९७२ची तबकडी काढा. पहिली बाजू हॉलिवुडच्या ट्रूबाडोरमधली, दुसरी न्यूयॉर्कच्या बिटर एंडमधली. दोन्ही छोट्या जागा, आपल्या वाड्यातल्या दिवाणखान्यासारख्या. पहिल्या बाजूवर 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' सुरू होतं, पियानोचे चार सूर वाजतात न वाजतात तोच बायकांना गाणं ओळखू येतं. ध्रुपदाला सगळे एकत्र गाऊ लागतात आणि हॅथवे चक्क मागे सरतो, त्यांना गाऊ देतो. माझ्या आवडत्या सर्व ध्वनिमुद्रणांत ही जागा पहिली. शेवटच्या गाण्यात तो विली वीक्सला मोकळं सोडतो, तेव्हाचं बास गिटारवरचं वादन तर मी कोणाही तबलजीला ऐकवीन. असा ठेहराव सहसा मिळत नाही.

रात्रपाळी :
काका, ते वादन मी रोज रात्री कारखान्यातून परतताना ऐकतो.

मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण त्याला आणखी एक फाटा फुटलाय. जेम्स ब्राउनचा १९७०चा 'सेक्स मशीन' हा जोड संच. पहिल्या तबकडीवरची गाणी स्टुडिओतली आहेत, वर टाळ्या आणि गलका नंतर मिसळलेला. वेष्टणावर मात्र मैफलीचा आव. याला मैफल म्हणू, जलसा म्हणू, की काय? उलट स्टीव्ही वंडरचं 'फिंगरटिप्स', १९६२, शिकागोचं रीगल थिएटर. बारा वर्षांचा पोरगा गाणं संपवून पुन्हा मंचावर घुसतो, तोवर पुढच्या गायकाचे वादक येऊन बसलेत. बासवाला ओरडतोय, 'कुठली पट्टी? कुठली पट्टी?' ते ओरडणं तबकडीवर तसंच ठेवलं आणि पुढच्या वर्षी ते गाणं यादीत पहिलं आलं. लाइव्ह म्हणजे मला तो बासवाला वाटतो. त्याच्यासाठी शब्द हवाय.

देवगडी :
माणसांसकट. भाजी सालीसकट, तसं गाणं माणसांसकट. 'हार्लेम स्क्वेअर क्लबमधलं माणसांसकट ध्वनिमुद्रण.'

शुद्धमती :
मराठी म्हणून निर्दोष आहे. शीर्षकात चालणार नाही, पण वाक्यात शोभेल. टाळ्या मिसळलेल्या तबकडीलाही तो शब्द लागू पडतो का, ते मात्र पाहा. माणसं तिथेही आहेत, भलत्या ठिकाणची.

जुनी तबकडी :
'लाइव्ह' राहू द्या आता. बालगंधर्वांना लोक 'वन्समोअर' देत, त्या शब्दाला शंभर वर्षांत कोणी पर्याय शोधला नाही. नाटकाला येणाऱ्या आज्याही 'वन्समोअर' म्हणायच्या. लोकांनी तोंडाने ओरडून घेतलेला शब्द परत कसा करणार?

शुद्धमती :
वन्समोअर ओरडायचा शब्द आहे, म्हणून टिकला. लाइव्ह कोणी ओरडत नाही, तो जाहिरातीतून आला. दोन्ही एका मापाने मोजू नका.

हडसनकाठ :
शिवाय लाइव्ह या शब्दाची गरजच तबकडी आणि रेडिओ आल्यावर पडली. त्याआधी सगळं गाणं समोरचंच होतं, वेगळं नाव कशाला लागेल? म्हणजे खरं तर दुसऱ्या प्रकाराला नाव हवं, माणसांवाचून गायलेल्या गाण्याला.

रात्रपाळी :
हे मला सुचलंच नव्हतं. पण गुरुवारी लेख द्यायचाय, त्यामुळे सध्या मथळ्यात 'लाइव्ह', पहिल्या वाक्यात 'माणसांसकट' आणि लू रॉल्सच्या परिच्छेदात 'झील' घातली आहे. जलशाबद्दल संपादक बाईंशी बोलतो. 'आत्मसंगीत' येऊ देत नाही, एवढं नक्की.

फक्त एक खात्री हवी. झील ओढतात की धरतात? मी 'मायामीत सगळ्या खोलीने झील धरली' असं लिहिलंय.

झीलकरी :
ओढतात. आजोबा कायम 'झील ओढायला जातोय' म्हणायचे.

देवगडी :
धरतात. ओढायची ती जाळी.

झीलकरी :
सूर लांबवायचा असतो, म्हणून ओढायची. नुसती धरली तर गाणारा पुढे निघून जाईल आणि मागचे तिथेच राहतील.

शुद्धमती :
दोन्ही ऐकले आहे. कोणता कुठल्या भागातला, ते प्रत्येकाने गावासकट लिहावं म्हणजे नोंद करता येईल.